सगळ्यांना माहीत असलेला माझा कॅन्सर

मला कॅन्सर झाला आहे हे मला डॉक्टरांनी सांगितलं नाही. बायकोनेही नाही आणि सख्ख्या भावानेही नाही. ते मला एका पंचविशीतल्या मुलीकडून कळलं, आणि आपण काही नवीन सांगतो आहोत याची तिला कल्पनाही नव्हती.

सोलापुरातल्या एका हॉस्पिटलात मी ऑपरेशनसाठी भरती झालो होतो. घशात साधी गाठ आहे, उद्या सकाळी काढतील, थोड्याच दिवसांत घरी, एवढंच मला माहीत होतं. दुपारी जेवण झाल्यावर ही मुलगी खोलीत आली. गळ्यात ओळखपत्र, हातात एक डबा. बायको खाली औषधं आणायला गेली होती.

"काका, मी स्पीच थेरपिस्ट. आवाज गेल्यावर बोलायला शिकवते. उद्यानंतर आपण रोज भेटणार, म्हणून आज ओळख करून घ्यायला आले."

"कुणाचा आवाज गेल्यावर?" मी विचारलं.

ती हसली. मी चेष्टा करतोय असं तिला वाटलं. तिने डब्यातून टॉर्चसारखं एक यंत्र काढलं, स्वतःच्या गळ्याला टेकवलं आणि नुसते ओठ हलवले. यंत्रातून घरघरता, एकाच पट्टीतला आवाज आला, "नमस्कार काका."

"पोरी, तू खोली चुकलीस. माझी साधी गाठ आहे."

तिने माझं नाव घेतलं. वय सांगितलं. गाव सांगितलं. "तुम्हीच की, काका," ती म्हणाली, आणि माझ्याकडे बघता बघता तिचा चेहरा उतरला. यंत्र तिने हळूच डब्यात ठेवलं. "तुम्हाला घरच्यांनी सांगितलं नाही?"

माझं निदान मला कळलं ते असं. माझ्या वाट्याला आलं तेव्हा ते बाकी सगळ्यांसाठी दोन महिने जुनं झालेलं होतं.

ज्यांच्या घरात असा आजार येईल त्यांच्यासाठी हे लिहितो आहे. मी गोड लिहिणारा माणूस नाही. पटलं नाही तर सोडून द्या.

मी अक्कलकोटकडचा. शाळा सुटली आणि पॉवरलूमवर कांड्या भरायला लागलो, म्हणजे मागाच्या धोट्यात बसते ती सुताची छोटी रिळं भरायची. पुढे स्वतःचे माग टाकले, अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलचा कारखाना उभा केला, बाहेरदेशी माल पाठवला. पन्नाशी उलटल्यावर कारखाना धाकट्या भावाच्या, मल्लिनाथच्या, ताब्यात दिला आणि दुसराच धंदा धरला. नवीन पोरं कंपनी काढतात, ती अजून रांगत असते, तेव्हा मी तिच्यात पैसे घालतो. याला एंजल इन्व्हेस्टर म्हणतात. एंजल म्हणजे देवदूत हे कळल्यापासून माझी बायको सुनंदा हा शब्द ऐकला की तोंडाला पदर लावते.

या धंद्यात माझा एकच नियम आहे. वाईट बातमी आधी सांगा. माढ्याकडच्या दोन पोरांनी मोठं गिऱ्हाईक सुटल्याचं माझ्यापासून लपवलं होतं. धंदा चांगला होता, तरी मी त्यांना दारातून परत लावलं. गिऱ्हाईक सुटलं म्हणून नव्हे, मला बाहेरून कळलं म्हणून.

माझ्याच घरात मला बाहेरून कळलं.

सुरुवात आवाज बसण्यापासून झाली. मी आयुष्यभर बोलून खाल्लं आहे. मागांच्या खडखडाटात ओरडायची सवय, सुताच्या व्यापाऱ्यांशी घासाघीस, त्यामुळे आवाज बसणं हे माझ्यासाठी सर्दीसारखं होतं. हळद-दूध, ज्येष्ठमध, गरम पाण्याच्या गुळण्या, सगळं झालं. महिना उलटला तरी आवाज परत येईना. मग गिळताना कानात कळ यायला लागली.

इथे थांबून सांगतो. आवाज तीन आठवड्यांपेक्षा जास्त बसला तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरकडे जा. बिडी-सिगारेट ओढत असाल किंवा पूर्वी ओढली असेल तर आणखी लवकर जा. मी बिडी सोडून खूप वर्षं झाली होती. डॉक्टरांनी ती पहिल्या मिनिटाला विचारली.

त्यांनी लॅरिंगोस्कोपी केली, म्हणजे नाकातून बारीक दुर्बीण घालून स्वरयंत्र बघितलं. मग भूल देऊन बायोप्सी केली. बायोप्सी म्हणजे गाठीचा छोटा तुकडा काढून तपासणं. सीटी स्कॅन झाला. त्या दिवसांत माझी एकुलती मुलगी अश्विनी हिचं लग्न तोंडावर आलं होतं. मी मंडपवाल्याला भाव कमी करायला लावत होतो, आचाऱ्याशी भांडत होतो, विजापूरच्या पाहुण्यांची सोय बघत होतो. रिपोर्ट आणायला मल्लिनाथ गेला. परत येऊन म्हणाला, "साधी गाठ हाय, अण्णा. लग्न झाल्यावर काढू म्हणालेत. बोलणं जरा कमी करा."

मी त्याच्यावर विश्वास ठेवला. दुसऱ्याच्या कंपनीचं पानन् पान वाचणाऱ्या माणसाने स्वतःचा रिपोर्ट कसा मागितला नाही, असं पुढे भांडणात मल्लिनाथने मला सुनावलं. मी त्याला विचारलं, सख्खा भाऊ रिपोर्ट घेऊन येतो तेव्हा कोण मागतं?

आमच्याकडे लग्नात आलेल्या पाहुण्यांची नावं माइकवरून घ्यायची पद्धत आहे. अमुक गावचे अमुक आले आहेत, त्यांचं स्वागत आहे, अक्षता पडेपर्यंत हे चालतं. मुलीच्या बापाने हे करायची गरज नसते, पण मला ते दुसऱ्याला द्यायचं नव्हतं. बसलेल्या आवाजात मी नावं घेत सुटलो. मल्लिनाथ दोनदा स्टेजवर आला आणि माझ्या हातातला माइक काढून घ्यायला लागला. त्याला मिरवायचंय असं मला वाटलं. चारचौघांत मी त्याचा हात झटकला.

त्याला तेव्हा माहीत होतं, आणि सुनंदालाही. ती समोर बसून माझ्याकडे बघत होती.

आता त्या दुपारकडे येतो. थेरपिस्ट मुलगी गेल्यावर सुनंदा औषधांची पिशवी घेऊन वर आली.

"उद्या काय काढणार आहेत?" मी विचारलं.

"गाठ."

"गाठ, का घसा?"

तिने पिशवी खाली ठेवली. "कोण बोललं तुम्हाला?"

ती 'नाही' म्हणाली असती तर मी त्या मुलीला खोटं ठरवायला तयार होतो. ती 'कोण बोललं' म्हणाली.

मी ओरडायला लागलो. शेजारच्या खोल्यांतले नातेवाईक दारात जमले. "अहो, सुम्न कूड्री," ती म्हणाली. घाबरली की ती कन्नडवर जाते. गप्प बसा म्हणत होती. दोन महिने मला गप्प बसा, आवाजाला आराम द्या म्हणणाऱ्या बाईने ते पुन्हा म्हटलं आणि माझं डोकंच फिरलं.

मल्लिनाथ कारखान्यातून तसाच आला. अंगावर सुताचा कीस.

"आमी काय वाईट केलं का, अण्णा? पोरीचं लग्न मोडलं असतं. बापाला कॅन्सर हाय म्हटल्यावर विजापूरचे लोक काय म्हणाले असते?"

"गळा माझा होता."

"आन् लग्न तुमच्याच पोरीचं होतं की!"

"किती जणांना माहीत होतं?"

"घरातल्यांनाच."

"नावं सांग."

त्याने सांगितली. तो, त्याची बायको, सुनंदा, सुनंदाचा भाऊ, आमचे जुने मुनीम. मग थांबला.

"ड्रायव्हरला?"

तो खाली बघायला लागला.

"ड्रायव्हरलासुद्धा?"

"त्यानंच डॉक्टरकडं न्हेलं की. त्याच्यापासनं कसं लपवणार?"

माझ्या ड्रायव्हरला माहीत होतं. दोन महिने तो आरशातून माझ्याकडे बघत होता आणि मला वाटायचं याला पगारवाढ पाहिजे.

फक्त अश्विनीला माहीत नव्हतं. तिला आणि मला.

संध्याकाळी सर्जन आले. मी त्यांना बसू दिलं नाही. त्यांनी उभ्यानेच सांगितलं आणि नीट सांगितलं, एवढं त्यांच्या बाजूने बोलतो. पहिल्या स्कॅनमध्ये गाठ स्वरयंत्राच्या आतच होती. एका बाजूची स्वरपट्टी हलायची थांबली होती, पण कूर्चा शाबूत होती. कूर्चा म्हणजे गळ्याच्या पुढे हाताला लागतं ते मऊ हाड. त्या टप्प्यावर रेडिएशन आणि केमोथेरपी असा मार्ग असतो. रेडिएशन म्हणजे किरणांनी गाठ जाळायची, केमोथेरपी म्हणजे शिरेतून औषध द्यायचं. सहा-सात आठवडे जवळजवळ रोज यावं लागतं, गळ्याची कातडी भाजते, गिळता येत नाही. पण जमलं तर स्वरयंत्र राहतं. हे त्यांनी माझ्या भावाला आणि बायकोला सांगितलं होतं.

गळा भाजलेला बाप लग्नात कसा उभा करायचा? म्हणून ते थांबले. आता भरती होण्याआधी केलेल्या दुसऱ्या स्कॅनमध्ये गाठ कूर्चेतून बाहेर आली होती. आता एकच मार्ग होता, टोटल लॅरिंजेक्टॉमी, म्हणजे स्वरयंत्र पूर्ण काढून टाकणं.

"तुम्ही मला का नाही सांगितलं?"

"नातेवाईकांनी विनंती केली. लग्न झालं की आम्हीच सांगतो म्हणाले. आज तुम्हाला विचारल्याशिवाय, तुमची सही घेतल्याशिवाय मी काही करणार नव्हतो."

"तेव्हाच सुरू केलं असतं तर आवाज राहिला असता?"

"शक्यता होती. खात्री देता येत नाही."

"किती टक्के?"

"ते नाही सांगणार. तो आकडा घेऊन तुम्ही आयुष्यभर घरच्यांशी भांडाल."

आकडा नसतानाही मी भांडतोच आहे.

मी कपडे घातले आणि निघालो. सुताच्या पेठेत मी हेच करत आलो. भाव पटला नाही की उठायचं, चपला घालायच्या, पायरी उतरायची. तिसऱ्या पायरीपर्यंत मागून हाक येते. माणूस काहीतरी कमी करतो. मी जिन्यापर्यंत गेलो आणि खरं सांगतो, माझे कान मागे होते. सर्जन एवढंच म्हणाले, "कुठेही दाखवा. आठवड्याच्या आत दाखवा."

मी पुण्याला गेलो. एकटा. तिथल्या डॉक्टर बाईंनी दोन्ही स्कॅन शेजारी शेजारी लावून मला दाखवले. कुणीतरी पहिल्यांदा माझा गळा मला दाखवत होतं. मी त्यांच्याशीही घासाघीस केली. अर्धं काढा. आधी रेडिएशन देऊन बघा, नाहीच झालं तर मग काढा. एक महिना थांबलो तर काय होईल?

त्यांनी मला सगळं बोलू दिलं. मग म्हणाल्या, "काका, मी तुमच्यासाठी कमी करीन हो. ती गाठ करणार नाही. कूर्चेत शिरलेल्या गाठीला नुसतं रेडिएशन दिलं तर आवाज काही दिवस राहील, पण तुम्ही राहाल असं मला वाटत नाही."

सोलापूरच्या डॉक्टरांबद्दल विचारलं, तर म्हणाल्या हात चांगला आहे, घराजवळ करा, नंतर घरच्यांची गरज लागते. या वाक्यावर मी परतीच्या वाटेत भिगवणपर्यंत चिडलेला होतो.

ऑपरेशनपर्यंत मोजके दिवस होते. थेरपिस्ट मुलगी म्हणाली, "काका, तुमचा आवाज रेकॉर्ड करून ठेवा. मुलीसाठी काहीतरी बोला. पुढे नातवंडांना ऐकवता येईल." अश्विनीला आता कळलं होतं. ती विजापूरहून रडत आली होती, आणि आईशी एक शब्द बोलत नव्हती. माझ्या लग्नासाठी अप्पांचा आवाज दिलात, मला विचारलं होतंत का, एवढं एकदाच म्हणाली.

फोन समोर धरून ती माझ्याजवळ बसली. "बोला की अप्पा. काहीपण बोला."

मी बोललो नाही. त्या दिवसांतला माझा सगळा आवाज भांडणात गेला. मल्लिनाथला त्याच्या घरी जाऊन शिव्या दिल्या. मेव्हण्याला फोन करून दिल्या. मुनिमांना घरी बोलावून, पाणी देऊन दिल्या. सुनंदाशी सकाळी सुरू केलेलं भांडण जेवताना थांबवून पुन्हा तिथूनच पुढे चालवलं. लोक म्हणतात अशा वेळी माणसाला प्रेमाचं काहीतरी सुचतं. मला सुचलं नाही. माझं जे जात होतं त्याचा हिशेब ज्यांच्याकडे होता त्यांच्याकडेच मी मागत होतो.

अश्विनीच्या फोनमध्ये माझा तेवढाच आवाज आहे, चुकून चालू राहिलेल्या रेकॉर्डिंगमधला. मी मल्लिनाथला म्हणतोय, "तू माझ्या दारात उभा राहू नकोस."

ऑपरेशनच्या सकाळी नर्सने गळ्यातलं काढायला सांगितलं. आमच्यात इष्टलिंग गळ्यात असतं, चांदीच्या डबीत, दोऱ्याला बांधलेलं. लहानपणापासून ते अंगावेगळं केलेलं नव्हतं. मी ते काढून सुनंदाच्या हातात दिलं. "नीट धर. पाडशील," मी म्हटलं.

माझ्या आवाजातले माझे शेवटचे शब्द ते. आधी ठरवून काही बोललो असतो तर कदाचित बरं काही निघालं असतं.

शुद्धीवर आलो तेव्हा श्वास नाकातून येत नव्हता. गळ्याच्या खालच्या बाजूला भोक असतं, त्याला स्टोमा म्हणतात. यापुढे श्वास तिथूनच. नाकात राईल्स ट्यूब, म्हणजे पोटात अन्न सोडायची नळी. मानेच्या दोन्ही बाजूंना टाके, कारण तिथल्या गाठीही काढल्या होत्या. पहिले काही दिवस खोकला आला की कफ गळ्यातून बाहेर यायचा आणि नर्स यंत्राने ओढून घ्यायची. बुडतोय असं वाटायचं. घाबरू नका, बुडत नाही. पण मला हे कुणी आधी सांगितलं असतं तर मी नर्सचा हात धरून ठेवला नसता.

आणखी काही गोष्टी सांगतो, कारण त्या डॉक्टर घाईत सांगतात. वास जातो. श्वास नाकातून येत नाही, त्यामुळे फोडणी, उदबत्ती, गळणारा गॅस, काहीच कळत नाही. शेंगांची चटणी नुसती तिखट लागते. घरात गॅस गळतीचा अलार्म लावून घ्या. आंघोळ करताना स्टोमावर आडोसा धरा, पाणी थेट फुफ्फुसात जातं. धुळीत जाताना त्यावर सुती फडकं बांधा. मी कारखान्यात पाऊल ठेवत नाही, सुताचा कीस सरळ आत जातो. मल्लिनाथचं तोंड बघावं लागत नाही हा त्यातला फायदा.

आणि राग कसा येतो ते. राग आला की तोंड उघडतं, छाती भरते, आणि नुसती हवा गळ्यातून फस्सदिशी बाहेर पडते. पाटीवर लिहावं लागतं. माझं अक्षर वाईट आणि राग जलद. मी लिहून पाटी वर करेपर्यंत समोरचा माणूस स्वयंपाकघरात गेलेला असायचा. एकदा मी पाटी फेकली. सुनंदाने तुकडे गोळा केले आणि दुसऱ्या दिवशी न फुटणारी आणली, पांढरी, प्लास्टिकची.

टाके सुकल्यावर रेडिएशन झालंच. ज्यापासून मला लग्नात वाचवलं होतं ते सगळं मग भोगलं. गळा भाजला, तोंड सोललं, वजन उतरलं. वेटिंग रूममध्ये रोज तीच माणसं. तिथे वैरागहून येणारे एक आजोबा होते, धान्याचे व्यापारी. त्यांची सून माझ्या बायकोच्या कानाशी लागून म्हणाली, "आमच्या मामांना सांगितलं न्हाय बरं का, शेक द्यायला आणतो म्हटलंय." ते आजोबा हे बोलणं चालू असताना माझ्याकडे बघत होते. मी पाटी काढली, त्यावर एक शब्द लिहायला घेतला. सुनंदाने माझं मनगट धरलं. आजोबा आपले आपणच म्हणाले, "लिवू नका साहेब. मला ठावं हाय. पोरीला वाटतंय मला ठावं न्हाय, तर वाटू द्या."

त्या माणसाचा मला आदर वाटला नाही. रागच आला. अजून येतो. सगळ्यांनी मिळून एकमेकांना फसवायचं, आणि त्यात माझं स्वरयंत्र गेलं.

पुढे डॉक्टरांनी व्हॉइस प्रोस्थेसिस बसवलं. अन्ननलिका आणि श्वासनलिका यांच्या मधल्या पडद्यात एक छोटी झडप बसवतात. स्टोमावर बोट दाबलं की हवा त्या झडपेतून अन्ननलिकेत जाते आणि आवाज उमटतो. त्या थेरपिस्ट मुलीने मला शिकवलं. माझ्यावर ओरडायची तिची हिंमत होती. "काका, जोर लावू नका. माणसाशी बोलायचंय, माग चालवायचा नाही!" पहिला शब्द निघाला तेव्हा तो ओल्या पोत्यातून ओढल्यासारखा होता. तिने टाळ्या वाजवल्या. मी तिला सांगितलं, तू खोली चुकली नव्हतीस.

कामाला परत लागलो. मी पूर्वी मीटिंगमध्ये पोरांना बोलू देत नसे. आता एका वाक्याला बोट उचलावं लागतं, म्हणून मी गप्प बसतो, आणि माणूस गप्प बसला की समोरची पोरं घाबरून खरं बोलायला लागतात. धंद्याच्या दृष्टीने हे चांगलंच झालं. मला आवाज परत द्या, मी हा फायदा सोडतो.

घरात काय झालं ते सांगायला हवं, नाहीतर हे अर्धवट होईल. सुनंदा रोज सकाळी माझी झडप छोट्या ब्रशने साफ करते. आरशात बघून मला स्वतःला जमतं, पण तिचा हात हलका आहे. टेबल लॅम्प माझ्या गळ्याकडे वळवून ती चष्मा लावते आणि माझ्या इतकी जवळ येते की तिचा श्वास माझ्या भोकाला लागतो. एवढ्या जवळ असताना आम्ही त्या दोन महिन्यांबद्दल बोलत नाही. मी तिचा ऋणी आहे आणि तिच्यावर चिडलेला आहे. दोन्ही एकाच वेळी, एकाच खुर्चीत. एकदा ब्रश पुसत ती म्हणाली, "मला वाटलं होतं, तुम्हाला कळलं तर तुम्ही लग्नाच्या आधीच मराल. भीतीनं." मी म्हटलं, मी भितो? ती म्हणाली, "मी भिते हो. मी माझं सांगतेय."

तेवढं एकच बोलणं.

मग परवाची तपासणी, ऑपरेशनला दोन वर्षं होत आल्यावरची. सर्जनशी माझा करार आहे. आधी मी, एकटा. नातेवाईक बाहेर. त्यांनी तो पाळला. सुनंदाला बाकावर बसवून मी आत गेलो.

"गळा स्वच्छ आहे," ते म्हणाले. "उजव्या फुफ्फुसात एक लहान ठिपका दिसतोय. जुन्या संसर्गाचा डाग असू शकतो. दुसरंही काही असू शकतं. आज सुई घालून तपासण्याइतका मोठा नाही. तीन महिन्यांनी पुन्हा स्कॅन करू."

मी बाहेर आलो. "काय म्हणाले?" सुनंदाने विचारलं. मी बोट गळ्यापर्यंत नेलं आणि तसंच खाली आणलं. मान हलवली. ती मान हो म्हणून होती का नाही म्हणून, मलाच माहीत नाही. तिने ती 'सगळं बरं आहे' अशी घेतली. उठताना गुडघ्यावर हात ठेवून हसली, आणि गाडीपर्यंत अश्विनीच्या कुबसाचं बोलत राहिली. कुबसा म्हणजे आमच्याकडचं डोहाळजेवण. अश्विनीला सातवा महिना. हिरवी साडी घ्यायची, विजापूरचे किती येणार, जेवणात गव्हाची हुग्गी करायची का पुरणाची होळगी.

मी शेजारून चालत होतो आणि डोक्यात जुळणी चालली होती. कुबसा होऊ दे. मग बाळंतपण. तोपर्यंत दुसरा स्कॅन येईलच. कदाचित काहीच निघणार नाही, मग उगाच कशाला? गाडीचं दार उघडताना लक्षात आलं, मल्लिनाथनेही हे असंच जुळवलं असणार. माझा रिपोर्ट हातात घेऊन, ह्याच हॉस्पिटलच्या ह्याच पार्किंगमध्ये. तो दुष्टपणाने जुळवत असेल असं मी इतके दिवस धरून चाललो होतो.

गाडीत बसल्यावर मी बोट दाबलं आणि सुनंदाला सगळं सांगितलं. डॉक्टरांचेच शब्द, काही कमी न करता. ड्रायव्हरसमोर सांगितलं. त्याला नाहीतरी कळतंच.

तिचं पहिलं वाक्य आलं, "आशूला नको सांगायला. सातवा महिना आहे."

मी फोन लावला.

"अप्पा?" मागे कुकरची शिट्टी झाली. "गेला होतात ना आज? काय म्हणाले?"

मी सांगितलं. माझ्या आवाजात 'ठिपका' हा शब्द नीट निघत नाही. दोनदा म्हणावा लागला. सुनंदा माझ्याकडे असं बघत होती, जणू मी पोरीला ढकलून दिलं आहे.

"पुढचा स्कॅन कधी आहे?" अश्विनीने विचारलं.

"तीन महिन्यांनी."

"तेव्हा मी तिकडेच असेन, बाळंतपणाला. मीच येईन तुमच्याबरोबर." तिचा आवाज ओला होता, पण धड होता. "अप्पा, लग्न झाल्यापासून तुम्ही लोक सगळं ठीक आहे म्हणालात की मला रात्रभर झोप येत नाही. आज येईल बघा. आईला द्या."

मी फोन सुनंदाला दिला. मायलेकी दोन वर्षांनी एकमेकींशी रडून बोलल्या. मी खिडकीबाहेर बघत होतो.

मी कुणाला माफ केलेलं नाही. माझा आवाज कदाचित राहिला असता, आणि तो 'कदाचित' माझा होता, तो दुसऱ्यांनी वापरून टाकला. हे मी मरेपर्यंत म्हणत राहणार. तुमच्या घरात रिपोर्ट आला तर ज्याच्या नावाचा आहे त्याच्या हातात द्या. तो ओरडेल, रडेल, घर डोक्यावर घेईल. त्याला घेऊ द्या.

घरी पोचल्यावर मी आणखी एक फोन केला. दोन वर्षांत त्या नंबरवर मी केला नव्हता. मल्लिनाथने उचलला. मागे माग खडखडत होते. "अण्णा?" तो म्हणाला, आणि माग बंद करा म्हणून कुणावर तरी ओरडला.

"फुफ्फुसात ठिपका आहे," मी म्हणालो. त्याने काही विचारायच्या आत ठेवून दिला. त्याच्याशी मला बोलायचं नव्हतं. पण त्याला ते ड्रायव्हरकडून कळायला नको होतं.